सत्तावीस नंबरचा ठिपका

आमच्या घरात सकाळचा चहा व्हायच्या आधी गिधाड बघायची पद्धत आहे.

दचकू नका, गिधाड खिडकीत येऊन बसत नाही. ते फोनमध्ये असतं. नकाशावर एक लाल ठिपका दिसतो, तो ठिपका म्हणजे ते. त्याच्या पाठीवर दप्तरासारखं एक लहानसं यंत्र बांधलेलं आहे. ते उन्हावर चालतं आणि दिवसातून तीनचार वेळा 'मी इथे आहे' असं कळवतं. आमच्या मुलीने कॉलेजात असताना इतक्या नियमितपणे काही कळवल्याचं मला आठवत नाही.

ही मुलगी पशुवैद्य आहे आणि एका प्राणिसंग्रहालयात काम करते. कोणत्या, ते लिहायचं नाही अशी तिची ताकीद आहे. गिधाडाला नाव द्यायलाही बंदी आहे. "नाव दिलंत की आई त्याचा वाढदिवस करेल," असं तिचं म्हणणं. पंखावरच्या बिल्ल्याचा नंबर सत्तावीस, म्हणून आम्ही सत्तावीस म्हणतो. सत्तावीस मादी आहे. बायको आधण ठेवता ठेवता विचारते, "अहो, आपली सत्तावीस कुठंय आज?" आणि मी चष्मा शोधायला लागतो.

प्राणिसंग्रहालय या प्रकाराबद्दल माझं मत फार काही उच्च नव्हतं. माझ्या लेखी तिथे तीनच गोष्टी व्हायच्या : शाळेची सहल, डब्यातली बटाट्याची भाजी आणि झोपलेला वाघ. मुलगी लहान असताना तो वाघ उठावा म्हणून मी पिंजऱ्यासमोर टाळ्या वाजवल्या होत्या आणि तिथल्या रखवालदाराने तिच्यादेखत मला झापलं होतं. पुढे तिने तिथेच नोकरी धरली, तेव्हा मी म्हणालो, "एवढी वर्षं शिकून पिंजऱ्याबाहेर उभी राहणार?"

"बाबा, तुम्ही तीस वर्षं काउंटरच्या आत उभे आहात. मी कधी काही बोलले का?"

माझं नारायण पेठेत औषधांचं दुकान आहे. हे आधी सांगायला हवं होतं, कारण पुढचं सगळं त्यातून निघालं.

पोरगी प्राणिसंग्रहालयात असते तरी किती, हे मला हळूहळू कळत गेलं. अर्धा आठवडा ती डोंगरात. सत्तावीसचे आईबाप कधीतरी जखमी होऊन आलेले, उडता न येणारे. त्यांची जोडी जमली. वर्षाला एक अंडं, तेही सगळ्या वर्षी नाही. पिल्लू झालं तर त्याला माणसाचं तोंडसुद्धा दिसू द्यायचं नाही, खाणं भिंतीवरून आत टाकायचं. मोठं झालं की डोंगराच्या उतारावर एक भलामोठा पिंजरा बांधून त्यात कित्येक महिने ठेवायचं. रानातली गिधाडं वर घिरट्या घालतात, कधी छपरावर येऊन बसतात, त्यांची ओळख व्हावी म्हणून. आणि मग एक दिवस दार उघडायचं.

"दार उघडणं हे सगळ्यात सोपं," मुलगी म्हणायची. "खरं काम दाराच्या बाहेर आहे."

दाराबाहेर काय आहे, तर एक वेदनाशामक. डायक्लोफिनॅक. पाठ धरली, गुडघा दुखला की आपण घेतो ते. दुखणाऱ्या जनावराला हे टोचलं आणि ते जनावर लगेच मेलं, तर औषध त्याच्या मांसात राहतं. ते मांस गिधाडाने खाल्लं की दोनतीन दिवसांत त्याची मूत्रपिंडं निकामी होतात. मान खाली घालून बसतं आणि फांदीवरून नाहीतर कड्यावरून पडतं. आमच्या लहानपणी मेलेल्या बैलाभोवती गिधाडांची पंगत बसायची. ती पंगत उठली ती यामुळे. जनावरांसाठी या औषधाला कधीच बंदी आली. पण माणसांच्या दुकानात ते मिळतंच. म्हणजे माझ्याकडे.

म्हणून मुलगी आणि तिच्या कामावरची मंडळी गावोगाव हिंडतात. गोठ्यांत जातात, औषधांच्या दुकानांत जातात, याच्याऐवजी गिधाडांना न बाधणारं दुसरं औषध आहे ते वापरा म्हणून सांगतात. मेलेलं जनावर तपासून, निर्धोक असेल तरच गिधाडांसाठी ठरलेल्या जागी नेऊन ठेवतात. वाघ बघायला आलेल्या पोरांच्या तिकिटावर डोंगरात हे सगळं चालतं, याची टाळ्या वाजवणाऱ्या बापाला कल्पना नसते.

एकदा जेवताना तिने सहज विचारलं, "बाबा, आपल्या दुकानातून कुणी जनावरांसाठी नेतं का हो?"

"छे," मी म्हणालो. "नारायण पेठेत म्हशी कुठे आहेत?"

ती हसली. मीही हसलो. माझं उत्तर खोटं नव्हतं. फक्त अपुरं होतं.

अपुरं कसं, ते सांगतो. बायकोचं माहेर खडकवासल्याच्या पुढे, धरणाच्या पाण्याला वळसा घालून गेलं की डोंगराच्या कुशीत. दर भाऊबीजेला आम्ही तिच्या धाकट्या भावाकडे जातो. लग्नानंतर पहिली दोनतीन वर्षं मी पेढे नेले. मग एका वर्षी सासूबाईंच्या कंबरेसाठी मलम नेलं, आणि पेढ्यांपेक्षा त्या मलमाचं कौतुक जास्त झालं. पुढच्या वर्षी खोकल्याचं औषध, उलटी-जुलाबाची पाकिटं, तापाच्या गोळ्या. असं करत करत भाऊबीजेला दाजी कापडी पिशवीभर औषधं घेऊन येणार, हा रिवाजच पडला. गावात मला 'औषधवाले दाजी' म्हणतात. मी पारावर बसायचो, लोक यायचे, जीभ दाखवायचे. पुण्यात मला कुणी नाडी दाखवत नाही, इथे रांग लागायची. मी फुगायचो. ते फुगणं महागात पडलं, कारण एका भाऊबीजेला मेहुणा म्हणाला, "दाजी, म्हशीबी अंग धरत्यात हो," आणि पुढच्या खेपेला पिशवीत मी डायक्लोफिनॅकच्या सुयांचा, म्हणजे इंजेक्शनच्या काचेच्या कुप्यांचा, एक डबाच टाकला.

मुलगी नोकरीला लागली त्याच्या आधीची ही गोष्ट. नंतर मी सुया नेणं बंद केलं. पण दिलेला डबा परत मागितला नाही. दाजीने दिलेली वस्तू परत कशी मागायची? आणि मुलीला सांगायचं तर आणखीच अवघड. वापरल्या असतील, फेकल्या असतील, असं मी स्वतःला सांगत राहिलो. स्वतःला सांगितलेलं मला चटकन पटतं.

तर एका मंगळवारी ठिपका धरण ओलांडून आला. बायको फोन घेऊन नाचायचीच बाकी. "अहो बघा, माझ्या माहेरच्या डोंगरावर बसलीय! माहेरपणाला गेली!"

बुधवारी सकाळी ठिपका तिथेच. संध्याकाळी तिथेच.

गुरुवारी सकाळीही तिथेच, तेव्हा मी मुलीला फोन केला. ती कामात होती, मागे मोर ओरडत होते. "पोटभर खाल्लं की बसून राहतात एखाद-दोन दिवस," ती म्हणाली. "नाहीतर ढगांमुळे बॅटरी उतरली असेल. नाहीतर पट्टा तुटून यंत्र खाली पडलं असेल. नाहीतर..."

ती तिथेच थांबली. डॉक्टर लोक जिथे थांबतात ती जागा मी काउंटरमागून पुष्कळदा ऐकलेली आहे.

दुकानात माझं लक्ष लागेना. आमचे एक जुने गिऱ्हाईक आहेत, निवृत्त मुख्याध्यापक. त्यांनी नेहमीच्या रक्तदाबाच्या गोळ्या मागितल्या, मी पाकीट काढून दिलं. त्यांनी पाकीट चष्म्यासमोर धरलं, सावकाश वाचलं आणि म्हणाले, "या जंताच्या गोळ्या आहेत. माझं ब्लडप्रेशर जंतांमुळे वाढतं, असं आपलं निदान आहे का?"

मी माफी मागून गोळ्या बदलल्या. ते पायरी उतरून गेले आणि मी मेहुण्याला फोन लावला.

"बोला दाजी! बरं हाय ना समदं?"

"बरं आहे. म्हशी कशा आहेत?"

सबंध आयुष्यात मी म्हशींची चौकशी केलेली नव्हती. "का वो? तूप संपलं का?"

"नाही, सहजच."

"थोरली गेली की सोमवारी."

"गेली म्हणजे, विकलीत?" मी विचारलं. किती आशेने विचारलं ते माझं मला माहीत.

"मेली. खुराला सूज आली व्हती, उठंना. रविवारी तुमच्या दोन सुया दिल्या. सोमवारी सकाळी गार."

"माझ्या कुठल्या सुया?"

"तुमच्याच की. भाऊबीजंला आणल्या व्हत्या त्या. देव्हाऱ्याशेजारी जपून ठिवल्या व्हत्या."

"अहो पाव्हणं, पण पोरीने गावात येऊन सांगितलं होतं ना, ती सुई देऊ नका म्हणून? तुम्ही पुढच्या रांगेत बसला होतात!"

"तिनं जनावराची सुई नगं म्हणून सांगितलं. ही माणसाची हाय. त्यात आपल्या घरच्या दुकानातली. तुम्ही काय वंगाळ देणार व्हय?"

"मग पुरलीत कुठे म्हैस?"

"पुरतोय कशाला? ट्रॅक्टरनं माळावर नेऊन टाकली. गिधाडांची उपासमार हुतीय असं पोरगीच म्हणली व्हती. आन ऐका तर दाजी, मंगळवारपासनं एक आलंय बी! पाठीवर कायतरी बांधलंय त्याच्या. तिला सांगू नका हं, मीच सांगणार हाय. खूश हुईल."

मी फोन ठेवला आणि पंख्याकडे बघत बसलो. मेहुण्याने भाचीसाठी केलं होतं. तिने सांगितलेल्यातलं जेवढं प्रेमाने करण्यासारखं होतं तेवढं त्याने केलं आणि जे सोडलं ते माझ्या भरवशावर सोडलं. माझ्या भरवशावर! जंताच्या गोळ्या देणाऱ्या माणसाच्या.

मग एकाएकी मला सुचलं की त्या सुयांची मुदत कधीच संपलेली असणार. तीस वर्षांत मुदत संपलेलं एक पाकीट मी कुणाला दिलं नाही, त्याचा मला केवढा अभिमान, आणि आता मी मनातल्या मनात हात जोडत होतो की देवा, माझं औषध शिळं निघू दे, कुचकामी निघू दे.

मुलीला सांगायला हवं होतं. मी मेसेज लिहायला घेतला. 'एक छोटीशी गोष्ट सांगायची होती.' पुसलं. 'तुझ्या मामाकडून एक चूक झाली आहे.' हे तर ताबडतोब पुसलं. तेवढ्यात बायको जेवणाचा डबा घेऊन आली आणि माझं तोंड बघून तिने डबा तसाच हातात धरून विचारलं, "काय झालं? ठिपका गेला?"

मी तिला सगळं सांगितलं. भाऊबीजेपासून.

"तिला फोन केलात?"

"करतोय. जरा शब्द जुळवतोय."

"गिधाड थांबलंय का तुमच्या शब्दांसाठी?"

मी फोन केला. सगळं सांगितलं. पलीकडे मोर ओरडत होता. मला वाटलं आता ती चिडेल आणि मग जरा बरं वाटेल. ती चिडली नाही. रोग्याच्या नातेवाइकाला विचारावं तसं तिने एकेक विचारलं. किती सुया? केवढ्या? कुठे टोचल्या? त्यानंतर किती तास जगली?

"मुदत संपलेली होती," मी म्हणालो.

"कशाची?"

"औषधाची. एखादं वर्ष तरी झालं असेल."

"बाबा, मुदत संपली की औषधाचं पाणी होतं, असं तुम्ही गिऱ्हाइकांना सांगता का?"

"नाही."

"मग मलाही नका सांगू. मामाला म्हणावं, कुत्री हाकला आणि म्हशीवर ताडपत्री टाकून कडेने दगड ठेवा. मी निघतेच. तुम्ही पण या. तो डबा मला बघायचाय." मग म्हणाली, "आणि त्यात काय होतं, ते मामाला तुम्हीच सांगा. मी नाही सांगणार."

मी दुकानाचं शटर ओढलं. सिंहगड रस्त्यावर नेहमीसारखीच गर्दी. बायको फोन हातात धरून शेजारी बसलेली आणि दर दोन मिनिटांनी सांगत होती, "तिथेच आहे." धरणाजवळ लोक कठड्याशी उभे राहून कणसं खात होते, एकमेकांचे फोटो काढत होते. सगळ्या जगाचं बरं चाललेलं असताना आपल्या हातून असं काही झालं की कणसं खाणाऱ्यांचासुद्धा राग येतो.

माळावर पोचलो तर ताडपत्री पडलेली होती आणि मुलगी आमच्या आधी येऊन हातमोजे घालून कामाला लागली होती. बरोबर तिचा एक सहकारी आणि वनखात्याचा गार्ड. तिने माझ्याकडे बघितलं, मान हलवली, आणि पुन्हा खाली वाकली. काळजाचा, म्हणजे यकृताचा, तुकडा काढून बाटलीत घातला, तपासायला पाठवण्यासाठी. म्हैस थोराड होती, कातडं जाड. पूर्वी कातडी काढून नेत असत, आता कुणी नेत नाही. मागच्या बाजूने कुत्र्यांनी फाडायला सुरुवात केली होती. शेजारच्या दगडावर पांढरे ओघळ होते आणि गवतात एक मोठं पीस.

"तिने खाल्लंय का यातलं?" मी विचारलं.

"माहीत नाही."

"अंदाज?"

"बाबा, माहीत नाही."

मग तिने दुर्बीण तिपाईवर लावली आणि मला बघायला सांगितलं. समोरच्या कड्यावर, एका फटीशेजारी, सत्तावीस बसलेली होती. दीड वर्षं ठिपका बघितल्यावर मी तिला पहिल्यांदा बघत होतो. वाटली त्यापेक्षा कितीतरी मोठी. लांब उघडी मान, खांद्याशी पांढऱ्या पिसांची झालर, पाठीवर ते दप्तर. आणि मान खाली गेलेली.

"मान खाली घातलीय," मी म्हणालो.

"उन्हातही घालतात."

"मग हे उन्हाचं असेल."

तिने वर बघितलं. आभाळ गच्च भरलेलं. "ऊन कुठंय, बाबा?"

मेहुण्याला मी गोठ्यात गाठलं. देव्हाऱ्याशेजारचा डबा त्याने आणून दिला. झाकणावर हळदकुंकू. आतमध्ये माझ्या दुकानाची चिठ्ठी, माझ्याच अक्षरात : 'दुखण्यावर'. त्याला सांगताना मी बरंच बोललो असेन, कारण बोलून बोलून माझं मलाच ऐकू येईनासं झालं. तो दाव्याशी चाळा करत ऐकत होता. शेवटी एवढंच म्हणाला, "दाजी, तुम्ही दिलं म्हणून दिलं."

त्यात दोष नव्हता. नुसती हकीकत होती. मला दोष चालला असता.

त्याच संध्याकाळी त्याने जेसीबी बोलावला आणि म्हैस चुना टाकून खोल पुरली. मुलगी आणि तिचा सहकारी गावातच राहिले, बायकोही राहिली. सत्तावीस खाली पडली तर उचलून उपचाराला न्यायची, सलाईन लावायचं, अशी गाडी तयार ठेवलेली. कड्यावर जाऊन तिला धरणं शक्य नव्हतं. बघत बसायचं, एवढंच. मी तिथे असून कुणाला उपयोग नव्हता, म्हणून पुण्याला परत आलो.

शुक्रवारचा दिवस मी कसा काढला ते मुख्याध्यापकांना विचारा. तासातासाला मी मुलीला मेसेज टाकत होतो, 'काही हालचाल?' आणि ती उत्तर देत होती, 'नाही.' पूर्णविरामासकट. दुपारनंतर मी विचारणं बंद केलं तर तिने आपणहून टाकलं, 'नाही.'

शनिवारी दुपारी नकाशा उघडला आणि ठिपका हलला होता.

मी उभाच राहिलो. मग नीट बघितलं. फार नव्हता हलला. कड्यावरून कड्याच्या पायथ्याशी. सरळ खाली.

फोन लावायचं धाडस होईना. लावला आणि ती रडत असली तर? समोर एक बाई डोकेदुखीची गोळी मागत होत्या, त्यांना मी "थांबा हं" म्हणालो आणि थांबलोच. त्या कंटाळून शेजारच्या दुकानात गेल्या. किती वेळ गेला कोण जाणे. मग फोन वाजला, बायकोचा.

"अहो, पाणी प्यायला उतरली होती! ओढ्यावर! पंख काय पसरले, अंघोळ काय केली, आणि उडाली की हो! डोंगराच्या पलीकडे गेली!"

मी खुर्चीत बसलो. मागून मुलीचा आवाज आला, "आई, फोन दे." आणि मग मला : "बाबा, ऐकलंत ना? आता दुकान उघडं असेल तर गिऱ्हाइकांकडे बघा."

माळावर भेटल्यापासूनचं तिचं ते सगळ्यात लांब वाक्य.

तपासणीचा निकाल यायला बरेच दिवस गेले. म्हशीच्या काळजात औषध होतं. भरपूर होतं. मुदत संपलेल्या माझ्या मालाने काम चोख केलं होतं.

"म्हणजे सत्तावीसने खाल्लंच नव्हतं," मी म्हणालो.

"नसणार. कातडं जाड, आणि कुत्र्यांनी तिला जवळ येऊ दिलं नसेल. इतर कुठेतरी जेवून आली असेल."

"सुटलो."

ती ताटातला भात चिवडत होती. "तिच्या पाठीवर यंत्र आहे म्हणून आपल्याला कळलं, बाबा. ज्यांच्या पाठीवर नाही, त्यांचं काय? त्या कड्यावर रानातली पण येतात. तुम्ही डबा कधी दिलात? त्यात किती सुया कमी होत्या?"

डबा निम्मा रिकामा होता, ते मी बघितलं होतं. आधीच्या म्हशी कुठे पडल्या, कोणी खाल्ल्या, ते कुठल्याच नकाशावर नाही.

"रविवारी गावात सभा ठेवलीय," ती म्हणाली. "तुम्ही बोलायचं."

"मी काय बोलू?"

"जे तुम्ही मला सांगितलं नव्हतं ते."

मारुतीच्या देवळात सतरंज्या अंथरल्या होत्या. ज्या पारावर बसून मी जिभा बघायचो तो पार समोरच. बायकोने निघताना ती भाऊबीजेची कापडी पिशवी रिकामी घडी करून बरोबर घेतली होती. कशाला, ते मी विचारलं नाही. मुलीने नेहमीचं बोलून झाल्यावर नुसतं म्हटलं, "आता दाजी बोलतील." बाबा नाही म्हणाली. गाव मला ज्या नावाने ओळखतं ते नाव तिने वापरलं.

मी उभा राहिलो. म्हणालो, पोरीने जी सुई देऊ नका म्हणून सांगितलं ती या गावात मी आणली. माणसांची असली तरी तीच ती. थोरली म्हैस त्या सुईने वाचली नाही, आणि माळावर टाकल्यावर तिने गिधाड मारलं असतं. पाव्हण्यांचं काही चुकलं नाही, त्यांनी माझ्यावर विश्वास ठेवला. आधी किती गिधाडं मेली असतील, ते मला माहीत नाही. मला माहीत असायला हवं होतं, कारण औषधाच्या दुकानात मी बसतो.

एवढं बोलून मी खाली बसणार तर मागून एका म्हातारीने विचारलं, "मग माझ्या गुडघ्याचं मलम बी वंगाळ हाय का?"

"नाही आजी, ते चांगलं आहे. तुम्हाला गिधाड खात नाही तोवर लावा."

हशा झाला, म्हातारी पण हसली. मुलगी हसली नाही, पण तिने खाली बघितलं आणि ते मी टिपलं.

मग एक बाई उठली आणि घरी गेली. मला वाटलं कंटाळली. ती परत आली ती पदरात दोन सुया घेऊन. "ह्या बी तुमच्याच. आमच्या धन्यानं तुमच्या मेव्हण्याकडनं मागून आणल्या व्हत्या." तिच्यामागे आणखी एक उठला. मग आणखी. माझा डबा गावभर फिरला होता, उसन्या साखरेसारखा. गोठ्याच्या वळचणीतून, कपाटातून, देव्हाऱ्यांतून सुया येत गेल्या आणि बायकोने पिशवीचं तोंड उघडून धरलं. शेवटी मेहुणा आला. त्याने हळदकुंकवाचा डबा अख्खा पिशवीत ठेवला, आणि मुलीला म्हणाला, "ती दुसरी सुई कंची म्हणलीस, त्याचं नाव लिहून दे. भाचीच्या अक्षरात दे."

परतताना पिशवी बायकोच्या मांडीवर होती. प्रत्येक गतिरोधकावर आतल्या काचा वाजायच्या.

"बाबा, हळू," मुलगी मागून म्हणाली.

मी हळू केली. खडकवासल्याचं पाणी डाव्या हाताला राखाडी दिसत होतं. बायकोने फोन काढून नकाशा उघडला, बराच वेळ बघितला.

"सकाळपासून ठिपका एकाच जागी आहे," ती म्हणाली. आणि मग मी काही विचारायच्या आतच, "ढग आहेत."

मी काचेतून वर बघितलं. ढग होते. तरी पुढच्या सिग्नलला गाडी थांबल्यावर मी पुन्हा एकदा वर बघून घेतलं.